एमआरपीवर सूट, पण ही एमआरपी आली कुठून?

आजचा विषय किराणा. इतिहासाच्या पॉडकास्टवर साखर-तेल कशाला, असं वाटलं असेल तर थोडं थांबा. सुपरमार्केटात शिरलं की पहिली नजर जाते ती "एमआरपीपेक्षा इतके रुपये कमी" या पाटीवर. म्हणजे आपण ज्या आकड्याच्या तुलनेत स्वतःला हुशार समजतो, तो आकडा छापलाय कुणी? ज्याचा माल आहे त्यानंच. मग ही बचत नेमकी कशाच्या तुलनेत? याचं उत्तर इतिहासात सापडतं.

सुरुवात जरा लांबून करतो. इंग्लंडमधलं रॉचडेल हे कापड गिरण्यांचं गाव. २१ डिसेंबर १८४४ च्या संध्याकाळी तिथल्या टोड लेनवर एक छोटं दुकान उघडलं. सभासद २८, भांडवल २८ पौंड. माल काय, तर लोणी, साखर, पीठ, ओटचं पीठ आणि थोड्या मेणबत्त्या. बस्स. पण नियम बघण्यासारखे होते. माल भेसळमुक्त असेल, माप पूर्ण असेल आणि उधारी अजिबात नाही.

आणि मला सगळ्यात आवडतो तो पुढचा नियम. दुकान माल बाजारभावानंच विकायचं. गल्ल्यावर सूट नाही. हिशेब झाला की जो नफा उरेल तो सभासदांना परत, ज्यानं जितकी खरेदी केली त्या प्रमाणात. म्हणजे घासाघीस नाही, ऑफर नाही, आणि घरातल्या बाईच्या हातात तिमाहीच्या शेवटी एकरकमी पैसे. उधारीला नकार देण्यामागे तत्त्व होतंच, पण साधं गणितही होतं. उधारीवर घेणारा माणूस दुकान बदलू शकत नाही. वहीत नाव असलं की मिळेल तो भाव आणि मिळेल तो माल.

हे मुंबईच्या गिरणगावात कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती. चाळीखालच्या वाण्याकडची वही, पगाराच्या दिवशी तिचा हिशेब, आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा नवं पान. भारतात १९०४ चा सहकार कायदा फक्त पतसंस्थांपुरता होता, १९१२ च्या कायद्यानं इतर सहकारी संस्थांनाही वाट मोकळी झाली. मद्रासच्या ट्रिप्लिकेनमध्ये मात्र १९०४ सालीच रॉचडेलच्या धर्तीवर ग्राहक भांडार निघालं होतं. आपल्याकडे १९४८ साली नायगावात कामगारांचं ग्राहक भांडार सुरू झालं, तेच पुढे "अपना बाजार". संस्थेचं पूर्ण नाव मुंबई कामगार मध्यवर्ती ग्राहक सहकारी मंडळ. एका दमात म्हणून बघा.

आता सत्तरच्या दशकात येऊ. १९७२ चा दुष्काळ, धान्य, तेल, साखर, रॉकेल सगळ्याचीच टंचाई. मुंबईत महागाईविरोधात बायका रस्त्यावर उतरल्या, लाटणी आणि थाळ्या घेऊन. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, तारा रेड्डी, प्रमिला दंडवते, म्हणजे वेगवेगळ्या पक्षांतल्या बायका, एकाच व्यासपीठावर. या आंदोलनाकडे आपण राजकारण म्हणून बघतो. मला ते घरखर्चाच्या वहीचं आंदोलनही वाटतं. भाव कोण ठरवतं, हा प्रश्न स्वयंपाकघरातून निघून थेट मंत्रालयापर्यंत गेला.

त्याच काळात दुसरी, शांत वाट निघाली. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायतीचं काम सुरू केलं आणि १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. तिच्या उभारणीत संगीतकार सुधीर फडके यांचाही वाटा होता, होय, आपले बाबूजी. पद्धत अशी, की शेजारपाजारच्या कुटुंबांचा एक संघ करायचा. प्रत्येक घरानं महिन्याची यादी भरायची. सगळ्या संघांची मागणी एकत्र करून माल घाऊक घ्यायचा, तो एका सभासदाच्या घरी उतरवायचा, आणि सभासदांनीच मिळून वाटप करायचं. दुकान नाही, म्हणून दुकानाचं भाडं नाही. शोकेस नाही, म्हणून मोहही नाही. यादी आधी भरलेली असते, त्यामुळे "अरे, हेही घेऊ" हा प्रकारच संपतो. बचतीचा इतका साधा उपाय मला दुसरा माहीत नाही, फक्त त्यासाठी शेजाऱ्यांशी पटावं लागतं!

बरं, एमआरपी. पाकीटबंद मालासाठीचे नियम आले १९७७ साली. वस्तू काय, वजन किती, कुणी बनवली, कधी, किंमत काय, हे पाकिटावर छापणं सक्तीचं झालं. बिस्किटं, चहा, तेल, साबण अशा कितीतरी वस्तूंची वजनंही ठरवून दिली होती, म्हणजे दोन पाकिटांची तुलना करता यावी. पण किंमतीत एक फट राहिली. उत्पादकाला "स्थानिक कर वेगळे" असं छापायची मुभा होती. विक्रीकर राज्याराज्यात निराळा. गिऱ्हाइकाला नेमका कर किती ते कुठून कळणार? दुकानदार कराच्या नावाखाली कराहून जास्त घ्यायचे. म्हणून १९९० मध्ये नियम बदलला. सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत छापायची आणि त्याच्यावर एक पैसाही घ्यायचा नाही.

यातला "कमाल" हा शब्द नीट ऐका. हे छत आहे, भाव नाही. लूट थांबवायला बांधलेलं छत. पण छत किती उंच बांधायचं हे उत्पादकाच्याच हाती राहिलं. दूरच्या गावचा वितरक, वाहतूक, छोट्या दुकानदाराचं मार्जिन, सगळं सामावेल इतकं उंच. मग मोठ्या शहरात, थेट कंपनीकडून ट्रकभर माल उचलणाऱ्या दुकानाला त्या छताखाली भरपूर जागा मिळते. तीच जागा आपल्याला "सूट" म्हणून दिसते.

ही जागा ओळखणाऱ्यांत राधाकिशन दमाणी ठळक. आणि गंमत बघा, १९९९ च्या सुमारास त्यांनी नेरुळमध्ये अपना बाजारचीच फ्रँचायझी चालवून पाहिली होती. ते प्रारूप त्यांना पटलं नाही. २००२ मध्ये पवईला पहिलं डी-मार्ट निघालं. शक्यतो स्वतःच्या मालकीची जागा, पुरवठादाराला लवकर पैसे, त्या बदल्यात कमी दर. लवकर पैसे देणं म्हणजे रॉचडेलच्या रोखीचंच तत्त्व, फक्त काउंटरच्या उलट्या बाजूनं. नफा मात्र सभासदांकडे नाही, भागधारकांकडे जातो. यात वाईट काही नाही, पण दोन्हीला "स्वस्त दुकान" म्हणून एका रांगेत बसवू नये.

शेवटचा टप्पा अगदी अलीकडचा. २०२१ च्या दुरुस्तीनं ठरलेल्या वजनांची ती यादी रद्द झाली. आता कंपनी हव्या त्या वजनाचं पाकीट काढू शकते. त्या बदल्यात पाकिटावर युनिट किंमत छापायची, म्हणजे दर ग्रॅमला किंवा दर किलोला किती. तेलाचंच बघा. एक लिटर तेलाचं वजन साधारण ९१० ग्रॅम भरतं, पण आता ८५० ग्रॅमची पाऊचही त्याच आकारात शेल्फवर दिसते. समजा, ९१० ग्रॅमची पाऊच १४० रुपयांना आहे आणि ८५० ग्रॅमची १३६ ला. दुसरी चार रुपयांनी स्वस्त दिसते. किलोचा हिशेब केला तर पहिली साधारण १५४ रुपये, दुसरी १६०.

पाकिटावर हा हिशेब असतो, पण किलोच्या आतल्या मालाला तो ग्रॅममध्ये, दोन दशांश स्थळांपर्यंत. म्हणजे एकीवर ०.१५ आणि दुसरीवर ०.१६. एका पैशाचा फरक कोण बघतं? आणि शेजारच्या पाच लिटरच्या डब्यावर तोच दर किलोत छापलेला. त्यामुळे मी स्वतः मोबाईलचा कॅल्क्युलेटर उघडतो. किंमत भागिले ग्रॅम, गुणिले हजार. मागे उभ्या असलेल्या माणसाची ट्रॉली थोडा वेळ अडते, तेवढं चालतं. फक्त भागताना एमआरपी घेऊ नका, शेल्फवरचा प्रत्यक्ष भाव घ्या. युनिट किंमत छापलेली असते ती एमआरपीवरून, सुटीनंतरच्या भावावरून नव्हे.