स्त्रीराज्याची विनोदी अद्भुतकथा आणि ‘-ईण’ प्रत्यय

स्त्रीपुरुषांच्या रूढ भूमिकांची अदलाबदल करून हशा पिकविणे ही कथावाङ्मयातील फार जुनी युक्ती होय. चित्रकथा व प्रहसने यांत ती आजही आढळते. परंतु मराठी श्रोत्याच्या विशेष परिचयाचे तिचे रूप पोथीतील आहे. धुंडीसुत मालू याने शके १७४१ मध्ये, म्हणजे इ. स. १८१९ मध्ये, पूर्ण केलेल्या ‘नवनाथ भक्तिसार’ या ग्रंथातील स्त्रीराज्याची कथा हे ते रूप. प्रस्तुत टिपणात या कथेचा भाषेच्या अंगाने विचार करावयाचा आहे.

या राज्यात पुरुष नाही. मारुतीच्या भुभुःकाराने स्त्रियांना गर्भ राहतो आणि पुरुषगर्भ तगत नाही. राणी मैनाकिनी मारुतीला वश करण्यासाठी तप करते. तो आपले ब्रह्मचर्य पुढे करून मच्छिंद्रनाथास तिच्याकडे पाठवितो. योगी संसारात रमतो व मुलाचा बाप होतो. त्याला सोडविण्यासाठी आलेल्या गोरक्षाला कलिंगा नावाच्या गणिकेच्या ताफ्यात शिरून मृदंग वाजवावा लागतो. पुढे निघतानाही गुरूच्या झोळीत सोन्याची वीट असतेच. कथेतील विनोदाचा रोख राज्य करणाऱ्या स्त्रियांवर नसून पुरुषांवर आहे, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

आता भाषेकडे वळू. ‘वाघीण’ या शब्दात ‘-ईण’ प्रत्यय केवळ लिंग दाखवितो. पदवाचक नामांना तो लागला म्हणजे अर्थ पालटतो. पाटलीण म्हणजे पाटीलकी करणारी नव्हे, पाटलाची बायको. देशमुखीण, सुभेदारीण व कारभारीण या शब्दांचीही तीच गत. ‘राणी’ या शब्दाचा रूढ अर्थही राजाची पत्नी असाच आहे. मैनाकिनी मात्र कोणत्याही राजाची पत्नी नसताना राणी आहे. ज्या राज्यात नवराच नाही, तेथे स्त्रीवाचक पदनामाला पदाचाच अर्थ घ्यावा लागतो. स्त्रीराज्यातील खरी उलथापालथ हीच, असे मला वाटते.

परंतु ही उलथापालथ टिकत नाही. मच्छिंद्र निघून जातो आणि मैनाकिनी शापमुक्त होऊन स्वर्गास जाते. जैमिनीच्या अश्वमेधकथेतील प्रमिलेचेही असेच होते: अर्जुनाचा घोडा अडविणारी ही स्त्रीराज्याची स्वामिनी अखेर त्याची पत्नी होते. रुकैया सखावत हुसेन यांच्या १९०५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘सुलतानाज ड्रीम’ या इंग्रजी कथेत पुरुष पडद्यात जातात व तेथेच राहतात. तेथे मोडते ते केवळ सांगणारीचे स्वप्न.

रत्नागिरी जिल्ह्यात या कथेला आणखी एक अर्थ प्राप्त होतो. येथील पुरुष पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या गिरण्यांत, गोदीत व पलटणीत गेले. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात दर हजार पुरुषांमागे ९२९ स्त्रिया होत्या, तर रत्नागिरीत ११२२. भाताची लावणी, गुरे, देणेघेणे, म्हाताऱ्यांचे औषधपाणी हे सारे गावी राहिलेल्या स्त्रीने पाहिले. कारभार तिने केला. तरी भाषेने तिला कारभारी म्हटले नाही, कारभारीणच म्हटले. तिच्या ‘राज्या’त नवरा नव्हता, परंतु सातबाऱ्यावर बहुधा त्याचेच नाव होते. नमनातील गवळणीत साडी नेसलेल्या पुरुषाला ‘मावशी’ म्हणून सगळे हसतात. शेतावरच्या या अदलाबदलीला मात्र कोणी विनोद मानले नाही.

अर्थात प्रत्यय अचल नसतात. मुलींच्या शाळा निघाल्या, स्त्रिया शिकवू लागल्या आणि ‘मास्तरीण’ हा शब्द मास्तरच्या बायकोपुरता उरला नाही. १९९३ मध्ये त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने स्थानिक स्वराज्य संस्थांत स्त्रियांना एकतृतीयांश जागा राखून ठेवल्या. महाराष्ट्रात २०११ मध्ये हे प्रमाण निम्म्यावर गेले. त्यानंतर स्त्रीलाही ‘सरपंच’च म्हणतात, ‘सरपंचीण’ हा शब्द रूढ झाला नाही. उलट ‘सरपंचपती’ हा नवा शब्द प्रचारात आला. पत्नीच्या पदावरून पुरुषाला नाव मिळावे, हे मालूच्या स्त्रीराज्यातही घडले नव्हते. मात्र हा शब्द बहुधा पत्नीच्या खुर्चीवरून कारभार हाकणाऱ्यासाठी योजला जातो. व्याकरणात उलथापालथ झाली, कारभारात ती अद्याप व्हावयाची आहे. ज्या दिवशी ‘सरपंचपती’ म्हणजे केवळ सरपंचाचा नवरा एवढाच अर्थ उरेल, त्या दिवशी या जुन्या कथेतील विनोद आपल्याला समजावून सांगावा लागेल.