डब्यातला श्वास : धूळ, आवाज आणि गाडीच्या एअर फिल्टरची गोष्ट

आधी एक हिशेब करू. १२४८ सीसीचं डिझेल इंजिन मिनिटाला २००० फेरे घेतंय, म्हणजे गाडी आरामात पळतेय. फोर-स्ट्रोक इंजिनाचे चारही सिलिंडर मिळून दर दोन फेऱ्यांत साधारण सव्वा लिटर हवा ओढतात. मिनिटाला बाराशे लिटरच्या आसपास, आणि थोडी गळती-तूट धरली तरी तासाला ७० हजार लिटर. टर्बोनं जोर धरला की त्याहून जास्त. आमच्या भूम तालुक्यात उन्हाळ्यात येणारा पाण्याचा टँकर १० हजार लिटरचा धरला, तर ही गाडी तासाला सात टँकर हवा पिते.

आणि भूमची हवा म्हणजे नुसती हवा नाही. बालाघाटच्या माथ्यावरचा हा कोरडा मुलूख. मार्च-एप्रिलात ज्वारीची रास चालू असते तेव्हा बारीक भुसकट, रस्त्याचं काम निघालं की मुरूम, आणि मे महिन्यात नांगरलेल्या रानातून उठणारी वावटळ. यातलं जे काही सात टँकरांसोबत आत जाईल ते थेट पिस्टनपाशी पोचणार. पिस्टन आणि सिलिंडरच्या मधला तेलाचा थर काही मायक्रॉनचा असतो. केसाच्या जाडीच्या पाचव्या हिश्शाएवढा धुळीचा कण तिथे पॉलिश पेपरचं काम करतो.

बॉनेट उघडल्यावर दिसणारा तो काळा, ओबडधोबड प्लॅस्टिकचा डबा यासाठी असतो. त्याला एक सोंडेसारखी नळी, बाजूला एखादा रिकामा वाटणारा फुगवटा, आत कागदी फिल्टर. 'हे सगळं काढ, कोन फिल्टर बसव, गाडी मोकळा श्वास घेईल' असा सल्ला देणारे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतीलच. मीही पुष्कळ पाहिले. त्यातला एकही जण हा डबा मुळात आला कुठून, हे सांगत नाही.

सुरुवातीच्या मोटारींना फिल्टरच नव्हता. इंजिनं लवकर झिजायची आणि लोक ते गृहीत धरायचे. रस्त्यावर ते चालून गेलं, पण शेतात नाही. १९१५ साली फ्रँक डोनाल्डसन हा अमेरिकेतला ट्रॅक्टर विक्रेता युटा राज्यातल्या एका शेतकऱ्याकडे गेला. ट्रॅक्टर सारखा बंद पडत होता, आणि कारण निघालं धूळ. त्यानं एक जुजबी गाळणी बनवली, आणि त्यातून पुढे फिल्टर बनवणारी मोठी कंपनी उभी राहिली. म्हणजे एअर फिल्टरचा जन्म रेस ट्रॅकवर झाला नाही, कोरडवाहू रानात झाला. भूमच्या माणसाला हे वाचून उगाच बरं वाटतं.

त्यानंतर आला ऑइल बाथ. माझ्या मते ही या सगळ्या इतिहासातली सर्वात देखणी कल्पना आहे. एका वाटीत इंजिन ऑइल. हवा वरून खाली येते, तेलाच्या पृष्ठभागाजवळ एकदम उलटी वळते आणि वर जाते. हवा हलकी, ती वळू शकते. धुळीचा कण जड, त्याला ते वळण झेपत नाही, तो सरळ तेलात जाऊन बसतो. जे निसटतं ते वरच्या तेलकट तारेच्या जाळीत अडकतं. कागद नाही, बदलायचा पार्ट नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपला हाच फिल्टर होता, आणि १९४९ साली मुंबईत माझगावला महिंद्रनं जीप जोडायला सुरुवात केली तेव्हा तो आपल्याकडेही आला. जुन्या ट्रॅक्टरांवरही तोच.

माझे चुलते, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, नव्वदीच्या दशकात भूम-बार्शी रस्त्यावर वडापची जीप चालवायचे. आत दहा-बारा माणसं, टपावर खव्याचे डबे, मागे लटकणारे वेगळे. दर रविवारी ते फिल्टरची वाटी उतरवायचे, तळाचा चिखल खरवडायचे, जाळी डिझेलमध्ये धुवायचे आणि खुणेपर्यंत नवं तेल भरायचे. अण्णा सातवी शिकलेले. पण "तेल खुणेच्या वर गेलं की इंजिन तेच पितंय, खाली गेलं की माती खातंय" हे वाक्य मी इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत इतकं नेमकं ऐकलं नाही.

धूळ आणि ताकद यांचं भांडण मात्र जुनं आहे. १९४२ च्या सुमारास माल्टा आणि उत्तर आफ्रिकेत स्पिटफायर विमानं पाठवली गेली. वाळवंटी धुळीसाठी त्यांच्या नाकाखाली व्होक्स कंपनीचा भलामोठा फिल्टर बसवला होता. इंजिन वाचलं, पण वेग घटला, आणि हवाई लढाईत वेग घटणं म्हणजे जीव जाणं. मग इजिप्तमध्ये अबुकीरच्या दुरुस्ती तळावरच्या लोकांनी स्वतःच एक आटोपशीर, कमी अडथळ्याचा फिल्टर घडवला. त्यांनी अडथळा कमी केला, पण फिल्टर फेकून दिला नाही.

फेकून देण्याची परंपरा रेसिंगची. त्यातही गंमत अशी की इंजिनाच्या घशाशी छेडछाड करण्याचा धंदा वाढला तो पैसे वाचवण्यातून. इटलीत बोलोन्याच्या एदुआर्दो वेबरनं १९२३ पासून फियाट गाड्यांसाठी कार्बुरेटरचे बदली संच विकायला घेतले, कारण पेट्रोल महाग होतं आणि लोकांना मायलेज हवं होतं. पुढे तेच वेबर कार्बुरेटर, तोंडाला कर्ण्यासारख्या उघड्या नळ्या लावून, शर्यतीच्या गाड्यांची ओळख बनले. १९५२ मध्ये फियाटनं वेबर कंपनीच ताब्यात घेतली.

हे फियाट घराणं आपल्याला परकं नाही. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. त्यांच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११०० निघाली, आणि सत्तरच्या दशकात तिचंच नाव पद्मिनी झालं. मुंबईची काळीपिवळी. १०८९ सीसी, ताकद जेमतेम ४० हॉर्सपॉवर. चेन्नईजवळ शोलावरमला महायुद्धातल्या विमानांच्या जुन्या धावपट्टीवर शर्यती व्हायच्या, तिथे या फियाट गाड्यांचे मोठे कार्बुरेटर आणि उघडे घसे गर्जायचे. पण शर्यतीचं इंजिन वरचेवर उघडून नवं केलं जातं. काळीपिवळीला तशी चैन नव्हती. तिचा फिल्टर डब्यातच राहिला, आणि ती गाडी २०२३ च्या ऑक्टोबरपर्यंत मुंबईच्या रस्त्यावर टिकली.

आज कोन फिल्टर म्हणून जे मिळतं, त्यातल्या तेल लावलेल्या सुती जाळीच्या प्रकाराचं मूळ पुन्हा धुळीतच. १९६९ साली कॅलिफोर्नियात केन जॉन्सन आणि नॉर्म मॅकडोनल्ड या दोघा मोटरसायकलवाल्यांनी 'के अँड एन' सुरू केली, मातीतल्या शर्यतींच्या बाइकसाठी. कल्पना चुकीची नव्हती. पण तिचा प्रवास कॅलिफोर्नियाहून पुण्याच्या दुकानांपर्यंत आणि तिथून ऑनलाइन सेलपर्यंत होताना नकला इतक्या झाल्या, की दोन हजारांच्या लाल शंकूत नेमकं काय भरलंय हे विकणाराही सांगू शकत नाही.

माझ्या चुलत भावानं असाच एक, कंपनीचं नावही नसलेला शंकू मागवला. त्याच्याकडे सेकंड हँड स्विफ्ट डिझेल आहे. तिचं इंजिन २००३ साली युरोपात आलेलं, फियाट घराण्यातलंच १.३ मल्टिजेट. गाडीवर कर्ज आहे आणि तिच्यावरच घर चालतं. पुणे, छत्रपती संभाजीनगर, लग्नसराईत कुठंही. मी दिवाळीला गावी गेलो तेव्हा त्यानं बॉनेट उघडून ॲक्सिलरेटर दाबला.

"दादा, आवाज ऐक की. टर्बोची शिट्टी कशी येतीय बघ. लय वढतीय आता."

शिट्टी खरंच येत होती. ओढ मात्र कानांना वाटत होती. डिझेल इंजिनाची ताकद किती डिझेल पडतं यावर ठरते, आणि ते ठरवतो ईसीयूमधला एक तक्ता. तक्ता तोच ठेवून जास्त हवा दिली तर इंजिनाला तिचं करायचं काय? शिवाय उघडा शंकू बॉनेटखालची तापलेली हवा ओढतो. बाहेर ४० अंश आणि आत ६० अंश असेल तर हवा सहा टक्के विरळ होते. डब्याची ती सोंड ग्रिलपर्यंत आणलेली असते ती बाहेरची थंड हवा मिळावी म्हणून.

मग शिट्टी कुठून आली? ती आधीपासूनच होती. डबा ती दाबत होता. घागर नळाखाली भरताना आवाज चढत जातो, कारण आतली हवेची पोकळी लहान होत जाते. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झनं १८६३ च्या ग्रंथात अशा पोकळ्यांचं गणित मांडलं. गाडीच्या नळीला चिकटवलेला तो रिकामा फुगवटा म्हणजे अशीच घागर. इंजिनाच्या घरघरीतला ठरावीक सूर ती गिळते. उलट हेच गणित ताकदीसाठीही वापरता येतं. क्रायस्लरनं १९६० मध्ये लांबलचक नळ्या लावून हवेची लाट नेमक्या क्षणी सिलिंडरच्या दारात पोचेल असं जुळवलं होतं. फुगवटा काढणाऱ्याला वाटतं आपण कचरा काढला.

मी भावाला भाषण दिलं नाही. शंकूच्या मागची नळी सोडवली आणि आतून पांढरा रुमाल फिरवला. रुमालावर बोटभर रुंद खाकी पट्टा उमटला. अण्णा ओट्यावरून बघत होते. ते एवढंच म्हणाले, "ही माती कुटं चाललीय, इच्यार त्याला." भावाचा चेहरा उतरला. इंजिनकाम निघालं तर दोन-तीन महिन्यांचे हप्ते जातील, हा हिशेब त्याला माझ्याआधी जमला होता.

तरी त्याला वेड्यात काढण्याचा हक्क मला वाटत नाही. आवाज हवासा वाटणं ही काही खेड्यातल्या पोरांची खोड नाही. लेक्सस एलएफए या २०१० च्या गाडीत यामाहाच्या मदतीनं इंजिनाच्या श्वासाचा सूर मुद्दाम जुळवून केबिनमध्ये आणला होता. बीएमडब्ल्यूनं २०११ च्या एम५ मध्ये तर इंजिनाचा आवाज स्पीकरमधून ऐकवला. करोडोंच्या गाडीत याला इंजिनिअरिंग म्हणतात, भूमच्या चौकात कार्टेपणा.

कायद्याचं लक्ष मात्र मागच्या टोकाकडेच असतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर गाडीत बेकायदा बदल केल्यास मालकाला प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. शहरांत बुलेटच्या सायलेन्सरवर पोलीस रोलर फिरवतात, फोटो छापून येतात. पीयूसीची नळीही सायलेन्सरमध्येच जाते. बॉनेट उघडायला कुणी सांगत नाही, त्यामुळे पुढच्या टोकाला काय चाललंय ते मालकाच्या इंजिनालाच कळतं.

भावानं जुना डबा माळ्यावरून काढून त्याच संध्याकाळी परत बसवला, नव्या कागदी फिल्टरसकट. त्याला साडेतीनशे रुपये लागले. लाल शंकू त्यानं विकला नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे पुण्याचं भाडं होतं.