रशलाइट : गरिबाघरच्या उजेडाची कुळकथा

डिसेंबरच्या अखेरीस दक्षिण इंग्लंडमध्ये दिवस जेमतेम आठ तासांचा असतो. दुपारी चारच्या सुमारास सूर्य मावळतो, तो दुसऱ्या दिवशी आठपर्यंत उगवत नाही. अठराव्या शतकात खेड्यातल्या शेतमजुराच्या घराला हा सगळा अंधार झोपून काढणं परवडण्यासारखं नव्हतं. सूत कातायचं असे, मोजे विणायचे असत, फाटलेलं शिवायचं असे. चुलीतला जाळ ऊब देई, पण सुईत दोरा ओवायला त्याचा उजेड पुरत नसे, आणि मेणबत्तीला पैसे पडत. ही अडचण भागवण्यासाठी घरातच एक वस्तू तयार होई. ती म्हणजे रशलाइट.

रश ही लव्हाळ्यासारखी दिसणारी वनस्पती ओढ्याकाठी आणि पाणथळ कुरणांत उगवते. तिला पानं जवळजवळ दिसतच नाहीत, नुसते हिरवे, गोल, सरळ दांडे असतात. दांड्याच्या आत पांढरा, मऊ, स्पंजासारखा गाभा असतो. हा गाभा चरबी शोषून घेतो आणि वातीसारखा जळतो. ही गोष्ट माणसाला फार पूर्वी उमगली होती. पहिल्या शतकातल्या रोमन ग्रंथकार प्लिनीनंही सोललेल्या रशच्या वाती केल्या जात असल्याचं लिहून ठेवलं आहे. इंग्लंडच्या खेड्यांत मात्र ही वात घरादाराच्या वर्षाच्या बेगमीत जाऊन बसली.

तिच्या घडणीचा सर्वांत चांगला वृत्तान्त गिल्बर्ट वाइट यांनी लिहिला. ते हॅम्पशायरमधल्या सेलबोर्न गावी राहणारे पाद्री आणि निसर्गाचे चिकाटीचे निरीक्षक. त्यांचं 1775 सालच्या नोव्हेंबरातलं एक पत्र पुढे 1789मध्ये सेलबोर्नच्या निसर्गेतिहासावरच्या त्यांच्या पुस्तकात छापलं गेलं. पक्ष्यांची आणि ऋतूंची टिपणं ठेवणाऱ्या या माणसानं गरिबांच्या घरातल्या दिव्याकडेही तितक्याच बारकाईनं पाहिलं.

कामाला सुरुवात होई ती भर उन्हाळ्यात. म्हातारी माणसं, बायका आणि मुलं लांबलचक दांडे कापून आणत. कापल्याबरोबर ते पाण्यात टाकावे लागत, कारण वाळून आक्रसले की साल सुटत नाही. मग सोलणं. सगळी साल काढून टाकली तर गाभ्याला आधार उरत नाही, जास्त ठेवली तर उजेड मंदावतो. म्हणून वरपासून खालपर्यंत सालीची एकच अरुंद, सारखी पट्टी राखायची. नवशिक्याला हे सहज साधत नसे, पण सरावानं मुलंही त्यात तरबेज होत. वाइट यांनी तर पूर्ण अंध असलेल्या एका म्हातारीला हे काम झपाट्यानं आणि जवळजवळ न चुकता करताना पाहिलं होतं. सोललेले दांडे काही रात्री गवतावर दव खात पडत, नंतर उन्हात वाळत, आणि शेवटी वितळलेल्या चरबीत बुडवले जात. त्यासाठी होडीच्या आकाराचं, उथळ, लांबट लोखंडी भांडं असे.

काटकसरी घरात चरबीलाही पैसा लागत नसे. डुकराचं खारवलेलं मांस शिजताना वर येणारा तवंग गृहिणी काढून साठवत असे. त्यात मीठ जास्त असेल तर तो कोमट भट्टीत ठेवायचा, की मीठ तळाशी बसे. मेंढीची चरबी जास्त घट्ट होई, म्हणून तिची वात चांगली मानत.

वात तयार झाली तरी तिला धरून ठेवायला काहीतरी हवं. गावचा लोहार लाकडी ठोकळ्यावर लोखंडी चिमटा बसवून देई. त्याच्या एका दांडीच्या टोकाला वजन असल्यानं जबडा आपोआप मिटलेला राही. वात त्यात तिरपी अडकवत. ती जळत चिमट्यापाशी आली की पुढे सरकवायची, आणि तेवढ्यापुरतं कुणीतरी हातातलं काम थांबवायचं. गर्ट्रूड जेकिल यांनी 1904 सालच्या आपल्या पुस्तकात पश्चिम सरेमधल्या या जुन्या राहणीची नोंद केली. झोपायला जाताना लोक पेटती वात ओकच्या पेटीच्या कडेवर ठेवत, टोक इंचभर बाहेर. अंगावरचे कपडे उतरेपर्यंत ती जळे आणि ओकच्या कडेपाशी येऊन विझे. जुन्या सामानाच्या कडांवर त्यामुळे पडलेल्या जळक्या खोबणी जेकिल यांनी पाहिल्या होत्या.

आता वाइट यांचा हिशेब. सुमारे दोन फूट साडेचार इंच लांबीची एक चांगली वात त्यांनी घड्याळ लावून पाहिली, ती 57 मिनिटं जळली. एक पौंड वाळलेल्या रशमध्ये सोळाशेहून अधिक दांडे भरले. सरासरी अर्धाच तास धरला तरी आठशे तासांचा उजेड झाला. रश एक शिलिंगाचे, सहा पौंड चरबी चार पेन्स दरानं दोन शिलिंगांची, एकूण खर्च तीन शिलिंग. म्हणजे पेनीचा चौथा भाग असलेल्या एका फार्दिंगला साडेपाच तास. एका अनुभवी गृहस्थाच्या घराला दीड पौंड रश वर्षभर पुरत, कारण उन्हाळ्यात कष्टकरी माणसं सूर्याबरोबर उठत आणि सूर्याबरोबर झोपत.

याच पत्रात वाइट अगदी गरिबांवर ठपका ठेवतात. ते रोज संध्याकाळी अर्ध्या पेनीची मेणबत्ती आणतात, वाऱ्याच्या घरात ती दोन तासांत संपते, आणि तेवढ्याच पैशांत मिळणारे रशचे अकरा तास ते गमावतात. त्यांना हिशेब कळत नाही, म्हणून ते गरीब राहतात, असा त्यांचा निष्कर्ष. वाइट यांच्या नजरेबद्दल मला मनापासून आदर आहे, पण हा निष्कर्ष मला मान्य नाही. त्या काळी दक्षिणेकडच्या शेतमजुराची आठवड्याची मजुरी साधारण सात-आठ शिलिंग होती. तीन शिलिंग एकदम मोजायचे म्हणजे निम्म्या आठवड्याच्या भाकरीला हात घालायचा. फुकटची चरबी हवी तर आधी घरी डुक्कर हवं. रश कापायचे तर कुरणात पाय ठेवायची मुभा हवी आणि ऐन हंगामात रिकामे हात हवेत. ज्याच्याकडे यातलं काहीच नव्हतं त्याला रोजचं रोज घेण्यावाचून गत्यंतर नव्हतं. किराणा दुकानात तेलाची लहान पुडी घेणारं गिऱ्हाईक मोठ्या डब्याचा दर ओळखून असतं, डब्याचे पैसे मात्र त्याच्या हातात नसतात.

सरकारलाही या वातीची दखल घ्यावी लागली. 1709च्या कायद्यानं इंग्लंडमध्ये मेणबत्त्यांवर कर बसला आणि परवान्याशिवाय घरी मेणबत्ती करायला बंदी आली. घरापुरती केलेली, एकदाच चरबीत बुडवलेली रशची वात तेवढी करातून सुटली. हा कर 1831 साली उठला. पण त्याच सुमारास दुसरीकडून आधार तुटत होते. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून संसदेच्या एकामागून एक कायद्यांनी गावोगावच्या सामाईक जमिनींना कुंपणं पडत होती, आणि चराईचे व गोळा करण्याचे जुने हक्क मोडीत निघत होते. सरेतल्या फार्नहॅमचे विल्यम कॉबेट यांनी 1821-22मध्ये मजुरांच्या घरगुती अर्थव्यवहारावर पुस्तिका लिहिल्या. घरी भाकरी भाजा, बिअर बनवा, डुक्कर पाळा, असं त्यांचं सांगणं होतं, आणि त्यात रशच्या दिव्यालाही मानाची जागा होती. त्यांच्या आजीनं आयुष्यात घरी मेणबत्ती जाळली नव्हती आणि ते स्वतः याच उजेडात वाढले होते. गरिबाला काटकसर शिकवायची तर काटकसरीची साधनंही त्याच्या हाती असली पाहिजेत, हे कॉबेट यांना कळलं होतं.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर पॅराफिनच्या स्वस्त मेणबत्त्या आणि रॉकेलचे दिवे आले आणि रशची वात मागे पडली. नवा उजेड अधिक स्वच्छ होता, कष्ट कमी होते. त्याचं स्वागत झालं ते रास्तच. तरी या वातीची किंमत मांडताना वाइट यांच्या तीन शिलिंगांवर थांबून चालणार नाही. कुरणावरचा हक्क, घरचं डुक्कर आणि उन्हाळ्यातले मोकळे दिवस ही तिची खरी किंमत होती, आणि ती ज्याला परवडली त्याच्याच घरी हिवाळ्यात उजेड स्वस्त पडला.