वापरलेले विमान घेताना: हुबळीच्या एका जेटचा हिशेब

वापरलेले छोटे जेट किंवा टर्बोप्रॉप विमान विकत घेणे हा विषय मुंबई-दिल्लीच्या धनिकांपुरताच मर्यादित आहे, असा आपल्याकडे समज असतो. प्रत्यक्षात या विषयावरील देशातील एक महत्त्वाचा कायदेशीर वाद गोव्याच्या शेजारच्या हुबळीतून उभा राहिला. व्हीआरएल ही अक्षरे मिरविणारे मालट्रक गोव्याच्या रस्त्यांवर नित्य दिसतात. त्या कंपनीचे संस्थापक विजय संकेश्वर यांनी १९७६ मध्ये गदग येथे एका ट्रकच्या बळावर व्यवसाय सुरू केला, पुढे मुख्यालय हुबळीला आणले, धारवाड उत्तर मतदारसंघातून ते तीनदा लोकसभेवर निवडून गेले आणि २०२० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ट्रक आणि बसच्या या संस्थेने २००८ च्या सुमारास एक हलके जेटही आपल्या ताफ्यात घेतले. हॉकर बीचक्राफ्ट या अमेरिकी कंपनीचे ते ‘प्रीमियर १ए’ विमान होते.

त्या काळातील हुबळीची अवस्था लक्षात घेतली, तर हा निर्णय हौसेपेक्षा गरजेचा अधिक वाटतो. येथील जुनी धावपट्टी जेमतेम १,६७० मीटरची होती, नियमित विमानसेवा अनिश्चित असे आणि बेंगळुरू चारशेहून अधिक किलोमीटर दूर. नवे टर्मिनल डिसेंबर २०१७ मध्ये खुले झाले, धावपट्टी २,३०० मीटरपर्यंत वाढली आणि ‘उडान’ योजनेतील विमाने २०१८ पासून येऊ लागली. त्याआधी ज्या उद्योजकाला एका दिवसात दोन शहरांतील कामे उरकायची असत, त्याला स्वतःचे विमान हाच खरा पर्याय होता.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. टर्बोप्रॉप म्हणजे जेट इंजिनाच्या शक्तीने पंखा फिरविणारे विमान. बीचक्राफ्टची ‘किंग एअर’ मालिका हे त्याचे सर्वाधिक परिचित रूप. ते आखूड धावपट्टीवर उतरते आणि कमी इंधन पिते, पण वेगात मागे पडते. हलके जेट चाळीस हजार फुटांच्या आसपास, ढगांच्या वरून जाते आणि वेळ वाचविते. त्याचा इंधनाचा व देखभालीचा खर्च मात्र चढा असतो. गोवा ते हुबळी किंवा हुबळी ते बेंगळुरू एवढ्या टप्प्यात जेटचा वेग फारसा कामी येत नाही, कारण वर चढण्यात आणि खाली येण्यातच बहुतेक वेळ जातो. दिल्ली, कोलकाता अशा लांबच्या फेऱ्या वारंवार नसतील, तर टर्बोप्रॉपच अधिक व्यवहार्य, असे स्पष्टपणे म्हणता येते. जेटच्या हट्टामागे पुष्कळदा प्रतिष्ठा असते आणि तिचीही किंमत मोजावी लागते.

वापरलेल्या विमानाची किंमत त्याच्या वयापेक्षा त्याच्या कागदांवर ठरते. मोटारीचे वय वर्षांत आणि किलोमीटरमध्ये सांगतात. विमानाचे वय वर्षे, उड्डाणाचे तास आणि चक्रे या तीन मापांनी मोजतात. एक उड्डाण आणि एक अवतरण म्हणजे एक चक्र. दाबनियंत्रित केबिन प्रत्येक उड्डाणात फुगते आणि उतरताना पुन्हा सैल होते, त्यामुळे धातूवर येणारा ताण चक्रांनी मोजला जातो. कमी तास पण पुष्कळ चक्रे झालेले विमान वरून नवेकोरे दिसले, तरी आतून थकलेले असू शकते. इंजिनातील काही फिरत्या भागांचे आयुष्यही चक्रांनी बांधलेले असते. ते संपले की भाग कितीही चांगला दिसो, काढून टाकावाच लागतो. अशा प्रत्येक भागाचा कारखान्यापासून आजवरचा अखंड कागदी इतिहास हाती नसेल, तर त्या भागाचे मोल शून्य धरावे. एक लॉगबुक हरवल्याने सौद्याची किंमत कोसळते, ती याच कारणाने.

यानंतर इंजिन. किंग एअरमधील प्रॅट अँड व्हिटनीच्या पीटी-६ इंजिनांचा संपूर्ण ओव्हरहॉल साधारणपणे ३,६०० तासांनी येतो आणि त्याच्या मध्यावर इंजिनाच्या तप्त भागाची तपासणी होते. एका इंजिनाच्या ओव्हरहॉलचा खर्च कोटींच्या घरात जातो आणि बहुतेक विमानांना इंजिने दोन असतात. म्हणून दोन सारख्या दिसणाऱ्या विमानांपैकी एकाची किंमत पाच-सहा कोटींनी कमी सांगितली जात असेल, तर प्रथम इंजिनांचे किती तास शिल्लक आहेत ते विचारावे. बहुधा उत्तर तेथेच सापडते. काही मालक इंजिन उत्पादकाच्या किंवा अन्य संस्थेच्या तासागणिक वर्गणीच्या योजनेत सहभागी असतात. विमान हस्तांतरित होताना ही वर्गणी पूर्ण भरलेली आहे आणि ती नव्या मालकाच्या नावे वळविता येते, याची लेखी खात्री करून घ्यावी.

खरेदीपूर्व तपासणी विक्रेत्याशी संबंध नसलेल्या कार्यशाळेकडून, आणि तेच मॉडेल नेहमी हाताळणाऱ्या तंत्रज्ञांकडून करवून घ्यावी. इंजिनाच्या पोटात बोरोस्कोप घालून पात्यांची पाहणी होते. पंखांचे सांधे, चाकांची यंत्रणा आणि जमिनीखालचा, म्हणजे प्रवासी बसतात त्या फळीखालचा भाग उघडून गंज शोधला जातो. किनाऱ्यालगत राहिलेल्या विमानाच्या बाबतीत हा शेवटचा भाग कोणी वगळू देऊ नये. गोव्याच्या वाचकांना खारी हवा लोखंडी गजांचे काय करते हे सांगावे लागत नाही. ॲल्युमिनियमही तिला अपवाद नाही.

दीर्घ काळ उभे राहिलेले विमान स्वस्त मिळते, हे खरे. २८ जून २०१८ रोजी मुंबईच्या घाटकोपर भागात दाट वस्तीत कोसळलेले किंग एअर सी-९० हे विमान येथे आठवते. ते पूर्वी उत्तर प्रदेश सरकारच्या मालकीचे होते. अलाहाबाद येथील अपघातानंतर सरकारने ते एका खासगी कंपनीला विकले आणि अनेक वर्षांच्या खंडानंतर, दुरुस्ती करून, जुहूहून चाचणी उड्डाणासाठी ते निघाले होते. दोन वैमानिक, दोन तंत्रज्ञ आणि रस्त्यावरचा एक पादचारी असे पाच जण त्यात मृत्युमुखी पडले. खरेदीदाराने यातून घ्यावयाची गोष्ट साधी आहे: पूर्वी अपघात झालेले किंवा वर्षानुवर्षे न उडालेले विमान घेताना दुरुस्तीचा प्रत्येक टप्पा कोणी प्रमाणित केला ते पाहावे, आणि पहिल्या उड्डाणाची घाई करू नये.

व्हीआरएलच्या जेटमुळे आणखी एक मुद्दा समोर येतो. प्रीमियर १ए हे दोन इंजिनांचे, सहा-सात प्रवाशांचे, एका वैमानिकानेही उडविता येईल अशी मान्यता मिळालेले देखणे विमान. व्यवहारात मात्र दोन वैमानिक ठेवणेच शहाणपणाचे ठरते. त्याचा सांगाडा धातूचा नसून कार्बन तंतूंच्या संमिश्र द्रव्याचा आहे. अशा सांगाड्याला गंज लागत नाही, पण त्याची दुरुस्ती मोजकेच कारागीर करू शकतात. मे २०१२ मध्ये हॉकर बीचक्राफ्टने दिवाळखोरीसाठी अर्ज केला. २०१३ मध्ये कंपनी त्यातून बाहेर आली ती केवळ बीचक्राफ्ट या नावाने आणि जेट विमानांचे उत्पादन बंद करून. टर्बोप्रॉप किंग एअर मात्र आजही बनते. आज प्रीमियर हवे असेल तर ते वापरलेलेच मिळणार, आणि नव्याच्या किमतीच्या निम्म्याहून कमी दरात मिळणार. सुटे भाग आणखी किती वर्षे मिळतील, याचा विचार त्या स्वस्ताईच्या तराजूत टाकावा लागतो.

आता कराचा भाग, ज्यामुळे हुबळीचे नाव विधिग्रंथांत गेले. ३ मे २००७ रोजी केंद्राने अनियमित हवाई वाहतूक सेवेचा परवाना असलेल्यांना विमान आयात करताना सीमाशुल्कात सूट दिली. अट अशी की विमान त्याच सेवेसाठी वापरले जाईल, खासगी वापरासाठी नव्हे, असे हमीपत्र द्यावे. व्हीआरएलने या सवलतीचा लाभ घेतला. पुढे सीमाशुल्क विभागाने हरकत घेतली: विमानातून समूहाचीच माणसे प्रवास करतात, मग हा वापर खासगी नव्हे काय? प्रकरण सीमाशुल्क, उत्पादनशुल्क व सेवाकर अपील न्यायाधिकरणाकडे गेले. आधीच्या निकालांत मतभेद असल्याने ते विस्तारित पीठापुढे ठेवण्यात आले आणि त्या पीठाचा निर्णय २०२२ मध्ये आला. मोबदला घेऊन समूहातील व्यक्तींना नेले, एवढ्यावरून वापर खासगी ठरत नाही, असा कंपनीला अनुकूल अर्थ पीठाने लावला. परवान्याच्या अटी पाळल्या जातात की नाही हे पाहणे प्रामुख्याने नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे काम मानले. एका विमानाच्या आयातीचा अर्थ लावण्यात सुमारे चौदा वर्षे गेली. हा प्रश्न विमान नवे असो वा वापरलेले, सारखाच लागू होतो.

आजही खासगी नोंदणी की परवानाधारक सेवा, हा खरेदीदाराचा पहिला निर्णय असतो. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक वापराच्या विमानावर वस्तू व सेवा कर ४० टक्के आहे. त्याआधी तो २८ टक्के आणि वर ३ टक्के उपकर असा होता. इतर विमानांवर तो ५ टक्के आहे. वीस कोटींच्या विमानावर ५ टक्के म्हणजे एक कोटी, ४० टक्के म्हणजे आठ कोटी. या सात कोटींच्या मोहाने अनेक जण परवान्याकडे वळतात आणि मग परवान्यासोबत येणारी सुरक्षा व्यवस्था, पात्र अधिकारी, प्रशिक्षण, पुस्तिका आणि वारंवारच्या तपासण्या पाहून थबकतात. दुसरीकडे, खासगी नोंदणीच्या विमानातून भाडे घेऊन कोणालाही नेता येत नाही. मित्राकडून इंधनाचे पैसे घेणेही येथे अडचणीचे ठरू शकते.

आयात करावयाच्या वापरलेल्या विमानाच्या वयावर आणि दाबचक्रांवर महासंचालनालयाने मर्यादा घातली आहे. ती वेळोवेळी बदलते, म्हणून इसारा देण्यापूर्वी त्या दिवशीचा नियम वाचावा. दलालाच्या तोंडी शब्दावर विसंबू नये. विक्रेत्याच्या देशातून नोंदणी रद्द झाल्याचा दाखला आणि निर्यातीसाठीचे उड्डाणयोग्यता प्रमाणपत्र मिळाल्याखेरीज येथे ‘व्हीटी’ने सुरू होणारे नोंदणीचिन्ह मिळत नाही. विमानावर कोणाचे कर्ज आहे काय, हे डब्लिन येथील आंतरराष्ट्रीय नोंदवहीत पाहता येते. केपटाऊन कराराला अनुसरून भारतानेही २०२५ मध्ये विमानांवरील हक्कांच्या संरक्षणाचा कायदा केला असल्याने ही तपासणी आता औपचारिकता राहिलेली नाही.

विमान ताब्यात आल्यावर खर्च थांबत नाही. वैमानिकांचे पगार आणि त्यांचे आवर्ती सिम्युलेटर प्रशिक्षण, विमा, हँगर, उड्डाणयोग्यतेचे वार्षिक नूतनीकरण आणि नकाशांची अद्ययावत वर्गणी हे सारे विमान न उडताही भरावे लागते. उदाहरणादाखल हा स्थिर खर्च वर्षाला चार कोटी धरला, तर वर्षात शंभर तास उडणाऱ्या मालकाला तासामागे चार लाख रुपये केवळ याचेच पडतात. चारशे तास उडणाऱ्याला एक लाख. इंधन यावेगळे, आणि विमानाचे इंधन वस्तू व सेवा कराबाहेर असल्याने त्यावरील मूल्यवर्धित कर राज्यागणिक बदलतो. वर्षाला दीडशे-दोनशे तासांची गरज नसेल, तर भाड्याचे विमानच परवडते, असे माझे मत आहे.

वापरलेले जेट तासांच्या बळावर कसे चालविता येते, याचेही उदाहरण हुबळीशीच जोडलेले आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील घोडावत समूहाच्या स्टार एअरने जानेवारी २०१९ मध्ये बेंगळुरू-हुबळी मार्गाने सेवा सुरू केली ती पन्नास आसनांच्या वापरलेल्या एम्ब्रेअर १४५ जेट विमानांनी. ही विमाने खासगी मालकाच्या जेटपेक्षा मोठी आहेत, पण तत्त्व तेच: जुने यंत्र रोज उडाले, तर त्याचा स्थिर खर्च वाटला जातो.

ठिकाणाचा विचारही खरेदीपूर्वीच करावा लागतो. हुबळी समुद्रसपाटीपासून सुमारे ६६० मीटर उंचीवर आहे; एप्रिल-मेच्या दुपारी तेथील विरळ, तापलेल्या हवेत विमानाला उड्डाणासाठी अधिक धाव लागते आणि प्रवासी किंवा इंधन कमी करावे लागते. मार्च २०१५ मध्ये तेथेच पावसात उतरताना एका प्रवासी कंपनीचे टर्बोप्रॉप धावपट्टीवरून घसरले होते. प्रवासी सुदैवाने बचावले. गोव्यात दाबोळी हे नौदलाचे तळ असल्याने आठवड्याच्या कामकाजाच्या दिवशी सकाळचे काही तास सैनिकी प्रशिक्षणासाठी राखीव असतात. जानेवारी २०२३ पासून मोपा सुरू झाल्याने पर्याय वाढला आहे, तरी पर्यटन हंगामात विमान उभे करण्यास जागा मिळेल काय, हे दोन्ही ठिकाणी आधी विचारून घ्यावे.

व्हीआरएलने २०२२-२३ या आर्थिक वर्षात बससेवा, पवनऊर्जा आणि हवाई प्रवासी वाहतूक हे तिन्ही व्यवसाय बाजूला काढले आणि मालवाहतुकीवर लक्ष केंद्रित केले. सवलतीत आणलेले विमान विकताना हमीपत्रातील अटी नव्या मालकाला लागू होतात की शुल्क भरावे लागते, हे सीमाशुल्क सल्लागाराकडून लेखी घेतल्याशिवाय विक्रीचा करार करू नये; आणि लॉगबुकांच्या मूळ प्रती त्या दिवसापर्यंत आपल्याच कुलुपात ठेवाव्यात.