शांत किनाऱ्यावरचा एक जुना प्रश्न

रविवारी संध्याकाळी मुंबईकरांच्या गाड्या अलिबागच्या दिशेने परत निघाल्या की आमचा रेवदंडा पुन्हा आमचा होतो. सुपारीच्या वाड्यांत रहाटाऐवजी आता पंपाचा आवाज येतो, पण तोही थोडा वेळच. मग समुद्राची गाज, मगरिबची अजान, पाठोपाठ कुठल्यातरी देवळातली घंटा. "किती शांत आहे हो तुमच्याकडे!" असे पाहुणे म्हणतात. मी हसून होकार देते. आमच्या गल्लीतल्या किती घरांना कुलपे आहेत आणि त्या घरांतली माणसे कुवेत, दुबई किंवा मुंब्र्याला आहेत, हे त्यांना सांगत बसत नाही. शांतता काही वेळा माणसे निघून गेल्यामुळेही येते.

गेल्या वर्षी असेच एक पाहुणे भेटले. जवळपास बंगल्यासाठी जागा बघत होते. बोलणे छान झाले, चहा झाला आणि निघताना त्यांनी सहज विचारले, "मॅडम, तुमचं मराठी फारच चांगलं आहे. तुम्ही मूळच्या कुठल्या?" मी म्हटले, "इथलीच." ते म्हणाले, "हो, पण मूळच्या?" त्यांच्या मनात वाईट काही नव्हते. तरीही तो प्रश्न घरी आला, जेवायला बसला आणि रात्री झोपू देईना. कारण काही दिवसांपूर्वी सातवीतल्या एका मुलीनेही वर्गात तोच प्रश्न विचारला होता, "मॅडम, आपण इथे कधी आलो?" पाहुण्यांना उत्तर दिले नसते तरी चालले असते. मुलीला देणे भाग होते.

मी उर्दू आणि मराठी शिकवते, इतिहास हा माझा विषय नव्हे. पण ज्या गावात आपण राहतो त्याचा इतिहास शिक्षकाला टाळता येत नाही.

रेवदंडा हे खरे तर उपनगर आहे आणि तेही आजचे नव्हे. मूळ शहर चौल. कान्हेरीच्या शिलालेखांत त्याचे नाव 'चेमुल' असे येते, ग्रीक खलाशांच्या लिखाणात 'सिमुल्ला'सारखे रूप सापडते, तर अरब त्याला 'सैमूर' म्हणत. पोर्तुगीज आले तेव्हा त्यांनी खाडीच्या तोंडाशी स्वतःची वस्ती बांधली. तेव्हापासून जुने शहर झाले 'वरचे चौल' आणि समुद्राकाठचा हा भाग झाला 'खालचे चौल'. आज दोन्हीकडे नारळ-सुपारी आहे आणि मधला रस्ता मुले सायकलने पार करतात.

या सैमूरला हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इ. स. ९१६-१७ च्या सुमारास, बगदादचा अल-मसूदी हा प्रवासी इतिहासकार येऊन गेला. 'मुरूज अल-जहब' या ग्रंथात तो सांगतो, की इथे सुमारे दहा हजार मुसलमान राहतात. त्यांत सिराफ, ओमान, बसरा, बगदाद इथून आलेले आहेत आणि 'बयासिरा'ही आहेत. बयासिरा म्हणजे मुसलमान बापाच्या पोटी याच भूमीत जन्मलेले. आकडा प्रवाशाच्या अंदाजाचा आहे, तो जनगणनेसारखा धरू नये. पण 'इथेच जन्मलेले' असा एक वेगळा वर्ग सांगावा लागतो, याचा अर्थ वस्ती तेव्हाही नवी नव्हती. छत्रपती शिवाजी महाराजांच्या जन्माच्या सातशे वर्षे आधीची ही गोष्ट आहे. दिल्लीच्या सुलतानीला अजून जवळजवळ तीनशे वर्षे अवकाश होता.

त्या वेळी इथे शिलाहार झंझ राजा होता आणि त्याच्या वर मान्यखेटचे राष्ट्रकूट सम्राट. अरब त्यांना 'बल्हरा' म्हणत, जे 'वल्लभराज'चे रूप आहे. मसूदी लिहितो, की बल्हराच्या राज्यात मुसलमानांना मान आहे आणि त्यांच्या मशिदी आहेत. मुसलमानांच्या आपसातल्या बाबी पाहण्यासाठी राजा त्यांच्यातलाच एक प्रमुख नेमत असे. त्या पदाला 'हुनरमन' म्हणत. म्हणजे तलवार घेऊन कोणी आले आणि मग इस्लाम आला, ही शाळेच्या पुस्तकातून मनात बसलेली गोष्ट कोकणाला लागू पडत नाही. इथे इस्लाम मोसमी वाऱ्याबरोबर आला. घोडे, खजूर आणि मोती घेऊन आला आणि राजाच्या परवानगीने राहिला.

'मोसम' हा शब्दच बघा. अरबीत 'मौसिम' म्हणजे ठराविक काळ, जहाजे सुटण्याचा हंगाम. तोच मराठीत 'मोसमी वारे' झाला. 'बंदर', 'दर्या' फारसीतून आले. जहाजाचा मालक-कप्तान 'नाखुदा', त्याचा आमच्याकडे 'नाखवा' झाला. हा शब्द आमचे कोळी बांधव आमच्याइतकाच आपला मानतात. मराठीच्या तासाला मी हे शब्द फळ्यावर लिहिते आणि उर्दूच्या तासाला पुन्हा तेच लिहिते. मुलांना वाटते, मॅडम विसरल्या.

पुढे १४६९ च्या सुमारास अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी एक घोडा विकायला घेऊन चौलला उतरला. त्याचे स्मारक आमच्या गावात आहे. पुढे जुन्नरला तिथल्या सरदाराने त्याचा घोडा अडकवून ठेवला आणि धर्म बदलशील तर परत देतो म्हणून धमकावले. शेवटी मध्यस्थीने घोडा सुटला. हेही मी मुलांना सांगते. आपल्या इतिहासातले फक्त गोड तेवढे सांगितले तर मुले मोठी झाल्यावर आपल्यावर विश्वास ठेवत नाहीत.

चौलची भरभराट नंतर लढायांत सापडली. १५०८ मध्ये इथल्याच खाडीत इजिप्तच्या आरमाराने आणि गुजरातच्या मलिक अयाजने मिळून पोर्तुगीजांना हरवले. पण १५२१ मध्ये निजामशाहीच्या परवानगीने पोर्तुगीजांनी इथे किल्ला बांधायला घेतला. १५७०-७१ मध्ये त्याच निजामशाहीने किल्ल्याला वेढा दिला, तो यशस्वी झाला नाही. १५९४ मध्ये समोरचा कोर्लईचा डोंगरही पोर्तुगीजांनी घेतला. अखेर १७४० मध्ये हे सारे मराठ्यांकडे आले. तोवर व्यापार आधी सुरतेकडे, मग मुंबईकडे वळला होता आणि बंदर ओस पडत गेले. आज ज्या शांततेचे पाहुण्यांना कौतुक वाटते, ती तेव्हापासूनची आहे.

या उलथापालथीत किनाऱ्यावर काय काय राहिले? कोर्लईत आजही घराघरात पोर्तुगीजपासून तयार झालेली बोली बोलतात. रेवदंड्यात बेने इस्राएलांचे सिनेगॉग आहे. हे लोक कोकणात तेल गाळत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून 'शनिवार तेली' म्हणून ओळखले जात. चौलला रामेश्वराचे देऊळ आहे, डोंगरावर दत्ताचे ठाणे आहे, जुन्या हमामखान्याचे अवशेष आहेत. या सगळ्यांना 'मूळचे कुठले' विचारायचे ठरवले, तर सुरुवात नारळाच्या झाडापासून करावी लागेल. तोही समुद्रावरूनच आला असे जाणकार सांगतात.

इतके वाचून झाल्यावर वाटले, उत्तर मिळाले. अकराशे वर्षे! वर्गात जाऊन ठणकावून सांगायचे. पण सांगायच्या आदल्या रात्री मनात पाल चुकचुकली. मसूदीने पाहिलेल्या त्या लोकांची मी थेट वंशज आहे, असे मी कशाच्या जोरावर म्हणणार? आमच्यात अरबांचे रक्त असेल, इथल्याच शेतकरी-दर्यावर्दी घरांतले तर नक्कीच आहे. शिवाय जुनेपणावर हक्क मांडला, तर काल-परवा पोटासाठी इथे आलेल्या आमच्या शेजाऱ्याने काय सांगायचे? आधी कोण आले, याच्या शर्यतीत एकदा उतरले की ती संपत नाही. त्यात प्रत्येकाच्या पुढे कोणीतरी असतोच.

तेव्हा मला आठवला चिंचणीचा ताम्रपट. पालघर जिल्ह्यात सापडलेला हा लेख शके ८४८ चा, म्हणजे इ. स. ९२६ चा आहे. मसूदी येऊन गेल्यानंतर दहाएक वर्षांचा. त्यात राष्ट्रकूटांनी संजाणवर नेमलेल्या एका ताजिक, म्हणजे अरब, अधिकाऱ्याची माहिती आहे. संस्कृत लेखात त्याचे नाव 'मधुमती' असे येते. अभ्यासकांच्या मते ते 'मुहम्मद'चे रूप आहे. या माणसाने काय केले? नदी ओलांडणाऱ्यांसाठी फुकट नावा ठेवल्या. वाटसरूंसाठी अन्नछत्र घातले. आणि एका ब्राह्मणाने देवीची मठिका बांधली होती, तिच्या डागडुजीसाठी व नैवेद्यासाठी राजाच्या संमतीने जमीन दिली.

त्याचे आजोबा कुठून आले, याची त्या नावेत बसणाऱ्यांना फिकीर नसावी. नाव वेळेवर येते का, एवढेच त्यांनी पाहिले असेल.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी मसूदीही सांगितला आणि मधुमतीही. मग म्हटले, "आपण कधी आलो, हे विचारणाऱ्याला जरूर सांगा. माहिती असलेली बरी, कोणी खोटे सांगून गप्प करू शकत नाही. पण एवढ्यावर थांबू नका. आपण आल्यावर काय केले, तेही सांगता आले पाहिजे." ती मुलगी थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मॅडम, माझे दादा खाडीत तर चालवायचे. पूल नव्हता तेव्हा."

साळावचा पूल झाल्यापासून खाडी ओलांडायला तरीची गरज उरली नाही. तिचे दादा आता ओट्यावर बसून जाळी विणतात. पुढच्या शनिवारी मी त्यांना वर्गात बोलावले आहे. ते पाहुणे पुन्हा आले, तर त्यांनाही बोलावणार आहे. जागा घेतलीच असेल, तर आता तेही इथलेच.