बैलाचे दात मोजले, कुत्र्याचे कोण बघणार?

नेकनूरच्या बैलबाजारात सौदा सुरू होतो तो बैलाचं तोंड उघडून. वरच्या जबड्यात पुढचे दात नसतातच, खाली आठ. साधारण दोन वर्षांनी दुधाची पहिली जोडी पडून पक्की येते, मग पुढच्या जोड्या. दोनदाती, चारदाती, सहादाती, जुळलेला. हे वाचायला आपल्या शेतकऱ्याला कुठलं कॉलेज लागलं नाही.

कुत्र्याच्या दाताशी आपला संबंध मात्र चावण्यापुरता. १८८५ला पाश्चरने माणसाला रेबीजची लस दिली, १८८६ला मुंबईत पशुवैद्यक कॉलेज निघालं. मराठवाड्यात परभणीला ते यायला १९७२ उजाडलं. गावचा दवाखाना म्हणजे गाय, बैल, शेळी. घर त्यांच्यावर चालायचं, त्यात चूक काय म्हणायची?

पण आता घरोघरी कुत्री-मांजरं आहेत, अन् नजर जुनीच. आमच्या कुत्र्याच्या डोळ्याखाली सूज आली. काटा लागला असेल म्हणून आम्ही आठ दिवस हळद लावली. डॉक्टरांनी तोंड उघडलं तर वरच्या दाढेच्या मुळाशी पू. तोंडाचा वास वर्षभर येत होता, आम्ही म्हणायचो, कुत्र्याचं तोंड असंच असतं!

कुत्र्याला बेचाळीस दात, मांजराला तीस. दातावर साचलेला थर कडक झाला की ब्रशने निघत नाही, भूल देऊन काढावा लागतो. म्हणून रोज मऊ ब्रश, अन् पेस्ट प्राण्यांचीच. आपल्या काही पेस्टमध्ये झायलिटॉल असतं, कुत्र्याला ते विष.

आमचा आता ब्रश बघून खाटेखाली पळतो. मांजराचं अजून धाडस झालेलं नाही.