रक्तदात्याची औषधे : सांगितलेली आणि सांगायची राहिलेली

रक्तपेढीत जमा होणाऱ्या प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, सिफिलिस आणि हिवताप या पाच रोगांसाठी तपासणी करणे भारतात बंधनकारक आहे. मात्र दात्याने कोणती औषधे घेतली आहेत, हे शोधणारी चाचणी नित्याच्या तपासणीत नसते. त्याबाबत रक्तपेढीची सारी भिस्त असते ती दात्याने भरलेल्या प्रश्नावलीवर, म्हणजेच त्याच्या शब्दावर. हा शब्द कितपत पुरेसा आहे?

औषधांची चौकशी कशासाठी?

काही औषधांमुळे रक्तघटकाचा गुणच कमी होतो. ॲस्पिरिनची एक गोळी प्लेटलेटची रक्त गोठविण्याची क्षमता त्या पेशीच्या उर्वरित आयुष्यापुरती क्षीण करते. प्लेटलेटचे आयुष्य सात ते दहा दिवसांचे असते. राष्ट्रीय रक्त संक्रमण परिषदेच्या २०१७च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, प्लेटलेट वेगळ्या करावयाच्या असल्यास ॲस्पिरिन घेतलेल्या दात्याने तीन दिवस थांबणे आवश्यक आहे. यंत्राद्वारे एकाच दात्याच्या प्लेटलेट घेतल्या जातात, तेव्हा रुग्णाला मिळणारी संपूर्ण मात्रा त्या एकाच दात्याची असते. अशा वेळी विसरलेल्या गोळीची भरपाई दुसऱ्या कोणाच्या पेशी करीत नाहीत.

काही औषधे गर्भाला घातक असतात. मुरुमांवरील आयसोट्रेटिनॉइन किंवा प्रोस्टेटच्या विकारावर आणि केसगळतीवरही दिले जाणारे फिनास्टेराइड घेणाऱ्याने शेवटच्या मात्रेनंतर महिनाभर रक्तदान करू नये. कारण ते रक्त एखाद्या गर्भवतीलाही दिले जाऊ शकते. प्रतिजैविकांनंतर दोन आठवडे थांबावे लागते. येथे मुख्य चिंता औषधाची नसून ज्या संसर्गासाठी ते घेतले त्याची असते.

माहिती का राहून जाते?

प्रत्येक वेळी दाता हेतुपुरस्सर लपवतो असे नाही. ‘आपण कोणती औषधे घेता?’ या प्रश्नावर अनेकांच्या मनात रक्तदाब किंवा मधुमेहाची रोजची गोळीच येते. डोकेदुखीसाठी दुकानातून आणलेली गोळी, केसांसाठीचे किंवा चेहऱ्यासाठीचे औषध यांची गणना ‘औषधां’त होतच नाही. गोळीचा रंग आठवतो, नाव आठवत नाही. शिबिरात रांग मोठी असते, शेजारी सहकारी उभे असतात आणि प्रश्नावली घाईत भरली जाते.

काही वेळा मात्र मौन जाणीवपूर्वक असते. दक्षिण आफ्रिकेत काही रक्तदात्यांच्या रक्तात एचआयव्हीची प्रतिपिंडे आढळली, पण विषाणू सापडला नाही. औषधाविना विषाणू काबूत ठेवणाऱ्या दुर्मीळ व्यक्तींपैकी हे असावेत, असे प्रथमदर्शनी वाटत होते. २०१०नंतरच्या अशा नमुन्यांची तपासणी झाली, तेव्हा सुमारे दोन तृतीयांश नमुन्यांत एचआयव्हीवरील उपचाराची औषधे आढळली. प्रश्नावलीत त्यांचा उल्लेख नव्हता. ही औषधे विषाणूचे प्रमाण इतके घटवितात की विषाणू शोधणारी चाचणीही चकू शकते. संसर्ग टाळण्यासाठी आगाऊ घेतल्या जाणाऱ्या गोळ्यांमुळेही निदान लांबू शकते. लोकलज्जेपोटी पाळलेले मौन म्हणूनच अधिक धोक्याचे.

उपाय काय?

एका सर्वसाधारण प्रश्नाऐवजी ‘गेल्या तीन दिवसांत अंगदुखीसाठी काही घेतले का?’, ‘केस किंवा त्वचेसाठी काही सुरू आहे का?’ असे नेमके प्रश्न विचारल्यास स्मरणाला आधार मिळतो. ही विचारपूस इतरांना ऐकू येणार नाही अशा ठिकाणी व्हायला हवी. दात्यानेही औषधाची पट्टी किंवा डॉक्टरांची चिठ्ठी सोबत न्यावी. औषध कोणते हे निश्चित सांगता येत नसेल, तर तपशील मिळेपर्यंत रक्तदान लांबणीवर टाकावे, असेच सूचनाही सांगतात. घरी परतल्यावर एखादी गोळी आठवली, तर रक्तपेढीला लगेच दूरध्वनी करावा. पिशवी रुग्णापर्यंत पोहोचण्यापूर्वी ती थांबविता येते.

औषध घेतल्याचे सांगितले म्हणून दाता कायमचा बाद होतो, हा समज चुकीचा आहे. बहुतेक वेळा प्रश्न काही दिवसांचाच असतो. तेवढे दिवस थांबणे हाही त्या अनोळखी रुग्णाला दिलेल्या दानाचाच भाग होय.